तपासलं : यल्लव्वा

हेमलता सबनीस कविता करते, ही गोष्ट बंगळुरातल्या मराठी मंडळींना १९६३ सालापर्यंत ठाऊक नव्हती. हेमलताला मात्र ती पक्की ठाऊक होती. आपण कवी आहोत की नाही, असा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. कविता कशाची करायची आणि ती कागदावर कशी मांडायची, एवढेच प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरं शोधायला तिला मजा यायची.

लग्न होऊन ती सांगलीहून इथं आली, त्याला सात वर्षं झाली होती. नवरा रत्नाकर एका सरकारी प्रयोगशाळेत होता. विमानांच्या छोट्या प्रतिकृतींवर वारा सोडून त्या कुठं डगमगतात हे तो बघायचा. हेमलता तुमकूर रोडवरच्या एका कारखान्यात ट्रेसर होती. इंजिनियर पेन्सिलीनं यंत्राचं चित्र काढायचे. त्यावर पातळ निळसर ट्रेसिंग क्लॉथ अंथरून तेच चित्र काळ्या शाईनं जसंच्या तसं उतरवायचं, हे तिचं काम. तिचा हात इतका स्थिर होता की अवघड ड्रॉइंग आलं की सेक्शनचे प्रमुख नागनाथराव ते न बोलता तिच्याच टेबलावर आणून ठेवत.

शनिवारी अर्धा दिवस. कारखान्याच्या बसमधून ती मॅजेस्टिकला उतरायची आणि चालत अव्हेन्यू रोड गाठायची. तिथं फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या चळती असत. एकदा तिला एक बारकं इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात ओळी सरळ उभ्या नव्हत्या. शब्द पानभर विखुरलेले होते, कुठं एकटे, कुठं घोळक्यानं. अर्थ निम्माच कळला, पण ती ते छातीशी धरून घरी आली. मुंबईहून भाऊ तिला सायक्लोस्टाईल केलेले अंक पाठवायचा. त्यातल्या कविता वाचून रत्नाकर म्हणायचा, "यांना जेवण वेळेवर मिळत नाही वाटतं." हेमलता हसायची आणि पुढचं पान उलटायची.

त्या वर्षी कब्बन पार्कजवळच्या एका हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. एका चित्रकारानं कॅनव्हासवर बसचं तिकीट, काडेपेटीवरचा छाप आणि पोत्याचा तुकडा चिकटवला होता. रत्नाकरनं दोन चित्रं पाहिली आणि बाहेर शेंगा खायला गेला. हेमलता त्या एका चित्रासमोर अर्धा तास उभी होती.

"कळलं काही?" ती बाहेर आल्यावर त्यानं विचारलं.

"हो. त्यानं त्या तिकिटाला काहीच केलेलं नाही. नुसतं नेमक्या जागी ठेवलंय."

"मग त्यात त्याचं काय?"

"जागा," ती म्हणाली. उरलेल्या शेंगा तिनं त्याच्या हातातून घेतल्या.

पुढच्या पंधरवड्यात तिनं सहा कविता लिहिल्या. त्यातली एक बसच्या कंडक्टरची होती.

मुंदे होगी
पुढं सरका
मुंदे होगी मुंदे होगी
पुढं जागा आहे
पुढं
कायम
जागा आहे

ही कविता तिनं मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दिली. अंकाचे संपादक मल्हारराव. धारवाडला तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे बसवनगुडीला राहायला आले होते. नीटनेटका, दिलदार माणूस. कविता पोस्टानं परत पाठवणं त्यांना असभ्य वाटलं, म्हणून एका रविवारी सकाळी ते स्वतः जयनगरला आले. चहा झाला. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला.

"हेमलताबाई, कल्पना उत्तम आहे. मी फक्त जरा वृत्तात बसवलीय."

हेमलतानं वाचलं. 'पुढे चला हो, पुढे चला हो, पुढेच आहे जागा' अशी सुरुवात होती आणि शेवटाला धागा, त्रागा आणि अभागा आले होते.

"छान जमलंय," ती म्हणाली.

मल्हारराव सुखावले. "मग छापू?"

"छापा की. पण तुमच्या नावानं. ही तुमची कविता आहे. माझी ती पहिली."

"अहो, पहिली ही कविताच नाही. ते बसमधलं बोलणं आहे!"

"हो, बसमधलंच आहे," हेमलता शांतपणे म्हणाली. "आणखी थोडा चहा घेता?"

मल्हाररावांनी चहा घेतला, पण कागद खिशात घालून ते गेले आणि अंकात दोन्हींतली एकही कविता येणार नाही हे स्पष्ट झालं. रत्नाकरला वाटलं, बायको खट्टू होईल. ती खट्टू झाली नाही. छापखान्यात शब्द ओळीत बसवावे लागतात, आणि आपल्याला तर ओळ नकोच आहे, हे तिच्या डोक्यात आलं होतं. कागदावर हवं ते हव्या त्या जागी ठेवण्याचं कसब तर तिच्या हातात रोज आठ तास असायचं.

जयनगर तेव्हा नवंच वसत होतं. रस्ते आखलेले, निम्मे प्लॉट मोकळे, मध्ये खडक आणि निलगिरी. हेमलताच्या गल्लीत दहा घरं होती, आणि सकाळी साडेसहाला त्या गल्लीत यल्लव्वाची हाक यायची. यल्लव्वा निपाणीकडची. नवरा इथं बांधकामावर गवंडी होता आणि ती डोक्यावर टोपली घेऊन पालेभाजी विकायची. कानडी घरापुढं कानडीत, मराठी घरापुढं मराठीत, आणि आमच्या ह्या घरापुढं दोन्हीत, असं हेमलता हसून सांगायची. "मेंत्या, मेथीऽऽ! सबसगी, शेपूऽऽ!" तिचा आवाज कधी चढायचा, कधी घसरायचा. एका घरासमोर तर ती हाकच मारायची नाही, टोपली सावरत गुपचूप पुढं जायची. हेमलता खिडकीतून हे रोज ऐकायची आणि पेन्सिलीनं टिपून ठेवायची.

त्यातून तिनं जी कविता केली ती चित्रासारखी होती. ट्रेसिंग क्लॉथवर गल्लीचा नकाशा काढला, वरून पाहिल्यासारखा. दहा घरांचे दहा चौकोन. यल्लव्वाची वाट तुटक रेषेनं. प्रत्येक घरापुढं तिची हाक, आवाज चढेल तसं अक्षर मोठं, उतरेल तसं लहान. कोणती भाजी कुठं लिहायची ते तिनं नादावरून ठरवलं. हरवे म्हणजे माठ आणि बसळे म्हणजे मयाळू आधी, कारण ते शब्द भरदार. कोत्तंबरी, म्हणजे कोथिंबीर, शेवटी, कारण ती टपटप पडत जाते. आणि सातव्या घरापुढं अगदी बारीक अक्षरात एकच ओळ लिहिली : 'इथं हाक नाही.'

ती ओळ लिहिल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. ही आपण आजवर लिहिलेली सगळ्यात चांगली ओळ आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं ते ट्रेसिंग नागनाथरावांपुढं ठेवलं. ते सीमेवरच्या भालकीचे, त्यामुळे मराठी चांगलं जाणत.

"हे कुठल्या मशीनचं?" त्यांनी चष्मा वर केला.

"कविता आहे. अमोनियाच्या मशीनवर चार प्रिंट काढू का? रोलच्या शेवटी जो कागद फेकून देतो त्यावर."

नागनाथरावांनी ते बराच वेळ पाहिलं. तुटक रेषेवरून बोट फिरवलं. "सबनीसबाई, इथं रेषेची जाडी बदललीय."

"तिथं ती टोपली खाली ठेवते."

"सरी, सरी," ते कानडीत होकार देत म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत काढा."

मंडळाचा गणेशोत्सव एका शाळेच्या हॉलमध्ये असे. एका भिंतीशी बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन मांडायचे : क्रोशाचे रुमाल, मोत्यांची तोरणं, भरतकामाचे मोर. त्या मोरांच्या शेजारी हेमलतानं आपल्या चार प्रिंट टाचण्यांनी लावल्या. अमोनियाचा वास अजून गेला नव्हता. लोक येत, थबकत. "घराचा प्लॅन आहे का हो?" एकानं विचारलं. दोन कॉलेजातल्या मुली मोठ्यानं वाचायला लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज आपोआप भाजीवालीसारखा झाला. ते ऐकून हेमलताला इतकं बरं वाटलं, की मंडळाच्या चिटणिसांनी "हे जरा बाजूला सरकवता का, रुमाल झाकले जातायत" म्हटलं तेही तिनं हसत केलं.

यल्लव्वाला तिनं आग्रहानं बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला यल्लव्वा आली, रिकामी टोपली काखेत धरून, पदर नीट घेऊन. आधी तिनं गणपतीला हात जोडले, मग हेमलताच्या मागून भिंतीपाशी आली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मल्हारराव नावांची यादी तपासत बसले होते. त्यांनी मान वर केली.

"ही आपली गल्ली," हेमलता म्हणाली. "आणि ही तुमची वाट. हे बघा, इथून तुम्ही येता."

यल्लव्वानं तोंडाला पदर लावला. "अगं बया! माझी वाट? वाच की."

हेमलता वाचू लागली. पहिल्या घरापुढं हरवे, दुसऱ्यापुढं बसळे. तिसऱ्याला पोचली तोवर यल्लव्वाच्या कपाळावर आठी पडली होती.

"थांब थांब अक्का. हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"हरवे आधी कशाला वरडू मी? हरवे दमाची भाजी. बसळे तर पार सांजपतोर ऱ्हातंय, पान जाड त्याचं. आधी कोत्तंबरी. मग मेंत्या. मग सबसगी. जी आधी सुकती तिला आधी हाक. उन्हं वर आली की मेंत्या मान टाकती. तिला शेवटाला ठेवली तर कोण घेणार?"

"म्हणजे तुमच्या हाकेला क्रम असतो?"

"मग? उगंच वरडतो व्हय मी?"

कोपऱ्यातून मल्हाररावांच्या हातातला कागद सळसळला. ते उठून जवळ आले. हेमलताच्या मात्र ते लक्षातही आलं नाही. तिच्या डोक्यात सगळी कविता उलटीपालटी होत होती. कोत्तंबरी आधी. तेव्हा आवाज मोठा, घाईचा. मग एकेक भाजी सावकाश होत जाणार, आणि शेवटी बसळे, तिथं यल्लव्वा पायरीवर बसून पाणी मागते. खरंच की! रोज ऐकत होते, आणि हे ऐकलंच नाही. नादाच्या नादात आपण भाजी उन्हात ठेवली. तिला वाईट वाटलं नाही, उलट हसू आलं. एवढी मोठी सुधारणा इतक्या सहज मिळाली होती.

"बरोबर आहे. मी बदलते," ती म्हणाली. "पुढचं ऐका."

सातव्या घरापाशी तिनं आवाज खाली आणला आणि ती ओळ वाचली.

यल्लव्वा पुढं वाकली. तिनं कागदावरच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हे जांभळाच्या झाडाचं घर न्हवं?"

"हो."

"तिथं हाक न्हाई, असं लिवलंस?"

"तुम्ही मारत नाही ना, म्हणून. ती ओळ फार चांगली झालीय, यल्लव्वा."

"का मारत न्हाई, ठाव हाय तुला?"

हेमलताला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसणंच तिला सुंदर वाटलं होतं.

यल्लव्वानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं. त्या घरातली सून गेल्या वर्षी रोज बाळ कडेवर घेऊन फाटकाशी यायची. बाळ हाकेची नक्कल करायचं. ते तापानं गेलं. त्यानंतर पहिल्या दिवशी यल्लव्वानं सवयीनं हाक मारली, तर ती बाई धावत बाहेर आली, कडेवर हात तसाच धरून. "तवापासनं मी तितनं मुकी जातो. त्या घरची भाजी सासरा बाजारातनं आणतोय. हे कुणाला सांगितलं न्हाई मी. तुला बी सांगणार नव्हतो."

हेमलतानं त्या बारीक ओळीवर हात ठेवला.

"तुझं बाकीचं ऱ्हाऊ दे," यल्लव्वा म्हणाली. "माझंच बोलणं हाय ते, सगळी गल्ली ऐकती. पण हे बोलणं न्हाई अक्का. हे मी न बोललेलं हाय. हे कागदावर नगं. ती वाचंल, न्हाईतर कुणीतरी वाचून इचारंल तिला, तुझ्या घरापुढं हाक का न्हाई म्हणून."

क्षणभर हेमलताच्या मनात आलं, की ही ओळ गेली तर कवितेचा कणाच जाईल. ते खरंही होतं. पण दुसऱ्याच क्षणी तिनं चारही प्रिंटच्या टाचण्या काढायला सुरुवात केली. सातव्या घरापाशी कालपासून किती लोक थांबले असतील, याचा विचार येऊन तिचे कान तापले.

"रागावलीस व्हय?" यल्लव्वानं विचारलं.

"तुमच्यावर नाही," हेमलता म्हणाली. कागद गुंडाळत तिनं यल्लव्वाला प्रसाद दिला आणि फाटकापर्यंत सोडायला गेली.

घरी येऊन तिनं चारही प्रिंट फाडल्या. मग टेबलावर मूळ ट्रेसिंग क्लॉथ पसरलं. रत्नाकर दाढीचं नवं पातं घेऊन आला, कारण शाई खरवडायला तिला तेच लागायचं. सगळं ऐकून तो म्हणाला, "दुसऱ्या घरापुढं लिही ती ओळ. कुणाला कळणार आहे?"

"मग ते खोटं होईल. तिथं ती हाक मारते."

"कवितेत खोटं चालत नाही?"

"चालतं. नकाशात नाही," ती म्हणाली, आणि खरवडू लागली. कापडावरची शाई निघते, पण तिथली चकाकी जाते. प्रिंट काढली की त्या जागी हलका धुरकट डाग दिसतो. तो डाग झाकायला काहीतरी लिहिता आलं असतं. तिनं काही लिहिलं नाही. भाज्यांचा क्रम मात्र सगळा नव्यानं मांडला. यल्लव्वाची घाई वरच्या कोपऱ्यात, निवांतपणा खाली.

कोत्तंबरी कोथिंबीर उठा उठा
मेंत्या मेथी अजून ताठ आहे
सबसगी शेपू वासानं ओळखा
हरवे माठ येईना का उद्या
बसळे मयाळू बसते जरा

ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन असतो. ते कुणी काढलं, कुणी तपासलं, ते त्यात लिहायचं. कारखान्यात ती हा चौकोन रोज भरायची. तिनं लिहिलं : काढलं — हेमलता सबनीस. तपासलं — यल्लव्वा.

चार दिवसांनी मल्हारराव परत जयनगरला आले. या वेळी त्यांनी चहाची वाटही पाहिली नाही.

"ती कविता मला दिवाळी अंकाला हवी आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी मी ऐकत होतो. आयुष्यभर मी कवितेतली चूक मात्रा मोजून काढली. त्या बाईनं भाजी सुकते म्हणून काढली. आणि तिचंच बरोबर होतं!"

हेमलतानं नवी प्रिंट पुढं केली. मल्हाररावांनी ती दोन्ही हातांनी धरून वाचली. बसळेपाशी येऊन हसले. मग त्यांचं बोट सातव्या चौकोनावर थांबलं.

"इथं डाग आहे."

"तिथं एक ओळ होती."

"ठाऊक आहे मला. चांगली होती." त्यांनी बोट उचललं. "डाग तरी काढता येईल ना? छापखान्यात ब्लॉक करताना पुसता येईल."

"येईल. पुसायला सांगा. तिथं काही होतं असंही दिसायला नको."

"आणि हे कोपऱ्यातलं? एका कवितेला दोन नावं? यल्लव्वाबाई कवयित्री थोड्याच आहेत?"

"मी कुठं म्हटलं? त्यांनी तपासलंय. तुम्ही माझी बसची कविता तपासली होतीत, तेव्हा तुमचं नाव घालायला मी तयारच होते की."

मल्हारराव दिलखुलास हसले. "बरं बाई. छापतो जसंच्या तसं."

अंक आला. पानभर ब्लॉक, त्यात गल्ली, वाट आणि हाका. संपादकांकडे तीन पत्रं आली. एकानं विचारलं होतं, भाजीची यादी छापायची तर किराण्याची का नको? हेमलतानं ते पत्र मागून घेतलं, कारण प्रश्न तिला चांगला वाटला, आणि किराण्यावर तिनं पुढं खरंच एक कविता केली. दुसरं पत्र मुंबईहून होतं. तिथल्या एका अंकानं तिच्या आणखी प्रिंट मागवल्या होत्या. तिसरं नागनाथरावांचं. त्यांनी फक्त कळवलं होतं, की ब्लॉकमध्ये एका जागी तुटक रेषा जुळलीय, पुढच्या वेळी लक्ष द्यावं.

यल्लव्वाला तिचं नाव दाखवलं तेव्हा तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "एवढं लांबडं नाव हाय व्हय माझं?" म्हणाली. मग पायरीवर टेकली आणि निपाणीच्या बाजाराची एक गोष्ट सांगू लागली. मध्येच थांबून म्हणाली, "हे लिव. चालतंय." आणि थोड्या वेळानं, दुसऱ्या एका गोष्टीच्या आधी, "हे नगं हां." हेमलतानं पेन्सिल खाली ठेवली आणि ती गोष्ट नुसती ऐकली.

संक्रांतीच्या सुमाराला मल्हारराव तिळगूळ घेऊन आले. डबा देऊन झाल्यावरही ते उठेनात. अखेर त्यांनी कोटाच्या खिशातून कागद काढला, आणि या वेळी त्यावर त्यांचंच अक्षर होतं.

"मीही एक प्रयत्न केलाय," ते जरा लाजून म्हणाले. "वृत्त नाही. आमची ही, मालन, स्टोव्ह पेटवताना जे पुटपुटते ते लिहिलंय. जमलंय का बघा."

हेमलतानं वाचायला हात पुढं केला आणि मग मागं घेतला. "मालनबाईंना वाचून दाखवलंत?"

"छे! ती काय म्हणेल?"

"तेच तर कळायला हवं."

मल्हारराव कागद घेऊन गेले. दोन दिवसांनी तो पोस्टानं आला. दहा ओळींतल्या सातांवर वेगळ्या शाईनं आडव्या रेघा मारल्या होत्या, जोरात, कागद फाटेल इतक्या. खाली बायकी अक्षरात लिहिलं होतं : 'या तीन माझ्या आहेत. बाकीचं ह्यांनी घातलंय.'

हेमलतानं त्या तीन ओळी वाचल्या. चांगल्या होत्या.